चित्रं काढतो, पण वाचत नाही!

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत शिकतो. घरी आला की दप्तर टाकून चित्रं काढत बसतो. वह्यांची मागची पानं, भिंती, ओसरीची फरशी, काही सोडत नाही. वाचायला बसवलं की मात्र जांभया, तहान, पोटदुखी. बाराखडी अर्धवट येते, धडा अडखळत वाचतो. शिकवणीच्या बाईंनी सांगितलंय, चित्रांचा नाद सोडवा आणि रोज एकेक अक्षर शंभर वेळा गिरवून घ्या. वडील लातूरला आडत दुकानात कामाला आहेत, रविवारी घरी येतात. 'चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय' म्हणत त्यांनी रंगपेटी कपाटावर ठेवून दिली. आई दहावीपर्यंत शिकलेल्या. 'मला चित्रातलं काही कळत नाही, आमची भाषाही पुस्तकासारखी शुद्ध नाही, मग मी काय शिकवणार? चित्रं बंदच करू का?' असं त्या विचारतात. येत्या जूनमध्ये मुलाला लातूरला सेमी-इंग्रजी शाळेत घालायचं घरात चाललंय, असंही त्यांनी शेवटी लिहिलंय.

उत्तर :

ताई, आधी ती रंगपेटी कपाटावरून खाली काढा. बाकीचं निवांत बोलू.

तुम्ही, शिकवणीच्या बाई आणि मुलाचे वडील, तिघांचंही एका बाबतीत एकमत दिसतं. चित्रं बंद झाली की तो वेळ आपसूक वाचनाला मिळेल. मग मला सांगा, रंगपेटी वर गेल्यापासून पोरगं वाचायला लागलं का? लागलं असतं तर तुम्ही ते पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलं असतं. दुसरीतल्या मुलाकडे वेळेला काही तोटा नसतो. जे जमतं तिकडे ते धावतं, जे जमत नाही त्यापासून पळतं, इतकी साधी गोष्ट आहे.

आता चित्र म्हणजे काय ते जरा बघू. दीड-दोन वर्षांचं लेकरू कोळशानं भिंतीवर रेघोट्या मारतं, तेव्हा हात हलला आणि खूण उमटली एवढीच त्याला मजा असते. मग एक दिवस तेच लेकरू आपल्याच गिचमिडीकडे बोट दाखवून म्हणतं, 'ह्यो ट्रॅक्टर.' भिंतीवर ट्रॅक्टर नसतो, रेघा असतात. पण त्या रेघा ट्रॅक्टरच्या जागी चालतात, हे त्याला उमगलेलं असतं. 'बैल' हा शब्द वाचताना तरी दुसरं काय होतं? कागदावर ना शिंग ना शेपूट, चार रेघा, आणि डोळ्यांसमोर बैल. लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या चित्रांना लेखी भाषेच्या आधीची पायरी मानलं, ते यामुळेच. वस्तूचं चित्र काढता येतं तसं बोलण्याचंही काढता येतं, हा शोध मुलाला लागावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या मुलाला पहिलं छान जमलंय, दुसऱ्याशी तो अडलाय. आणि चित्र म्हणजे पोरखेळ, लिहिणं तेवढं शहाण्यांचं, हा भेद आपल्याकडच्या जाणत्यांनी तरी कुठं मानला? तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. पंचीकरणासारखा (पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते तो) डोक्याला ताप देणारा विषय त्यांनी लांबलचक कापडावर मांडला, तो मजकुराच्या जोडीला आकृत्या काढून.

पण हल्ली याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात. पोराला मनसोक्त चित्रं काढू द्या, वाचन आपोआप येईल, म्हणतात. नाही येत. कोणत्या अक्षराचा कोणता आवाज हे कुणीतरी दाखवावंच लागतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मूर आणि कॉल्डवेल यांच्या अभ्यासात दुसरी-तिसरीतल्या मुलांची तुलना केली होती. गोष्ट लिहायच्या आधी ज्यांनी चित्रं काढली किंवा नाटुकलं करून पाहिलं, त्यांचं लिखाण नुसती चर्चा करून लिहिणाऱ्यांपेक्षा सरस उतरलं. यात सरस उतरलं ते लिखाण, हे विसरू नका. चित्रामुळे सांगायला काहीतरी सापडतं, शब्द सुचतात, क्रम लागतो. अक्षराला अक्षर जोडून वाचणं हे निराळं काम आहे आणि ते रोज थोडं थोडं करूनच येतं.

माझ्या मते तुमच्या घरात चित्र आहे, अक्षरही आहे, पण दोन्हींच्या मधलं बोलणं नाही. तो एकटा काढतो, एकटाच बघतो आणि पान उलटतो. आणि वाचायला बसतो तेव्हा समोर येतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं.

बोलण्याकडे वळण्याआधी एक करा. 'वाचत नाही' म्हणजे नेमकं काय होतंय, ते बघून घ्या. परीक्षा आहे असं त्याला जाणवू न देता, वर्गात अजून न झालेला एखादा धडा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि काय काय झालं ते विचारा. नीट सांगितलं तर समज शाबूत आहे, घोडं अक्षरांपाशी अडलंय. ऐकलेलंही सांगता आलं नाही तर अक्षरांच्या आधी गोष्टी आणि गप्पाच वाढवाव्या लागतील. मग धड्याचं चित्र हातानं झाका आणि एक ओळ वाचायला द्या. कितीतरी मुलं चित्र बघून, वर्गात ऐकलेलं आठवून, धडा घडाघडा म्हणतात आणि आपल्याला वाटतं वाचतंय. मी इथे चित्राची वकिली करत असले तरी ही पळवाट त्यात आहेच.

आणि काना-मात्रा बघा. सुटी अक्षरं येतात पण पहिल्या वेलांटीपाशी गाडी थांबते, असं पुष्कळ मुलांचं होतं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि म्हणताना 'क' आधी म्हणायचा. डावीकडून उजवीकडे वाच, असं आपण बजावतो आणि पहिलीच वेलांटी तो नियम मोडते! लेकरू गोंधळलं तर त्याला बोल लावू नका.

आता बोलण्याकडे वळू. उदाहरणाला येळवस घ्या. (बाहेरच्या वाचकांसाठी : लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करून त्यात पाच पांडव मांडतात, भज्जी (मिश्र भाजी) आणि आंबील असते.) समजा, मुलानं येळवशीचं चित्र काढलंय. शेजारी जाऊन बसा. 'हे काय काढलंस?' असं विचारू नका. ते त्याला तपासणीसारखं लागतं, आणि बैलाला तुम्ही कुत्रं समजलात तर तो दिवसभर खट्टू. 'सांग की मला ह्यातलं' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं आपल्याला फार जड जातं.

'ही आपली कोप. ह्यो आजा.'

'काय करायलाय आजा?'

'कोपीत बसून जेवायलाय.'

'आन् तू कुठं हाईस?'

'हे काय. मी बैलाला भज्जी देलो.'

'मंग?'

'खाल्लाच नाही त्यो. आजा म्हनला, तिखट लागलं आसंल.'

एवढ्या बोलण्यात त्यानं जागा सांगितली, आधी काय झालं, नंतर काय झालं ते सांगितलं, कारणही सांगितलं. धड्याखालच्या स्वाध्यायात 'का ते सांगा' म्हणून जे मागतात ते हेच. फक्त तिथे धडा दुसऱ्याचा असतो.

मग विचारा, 'ह्यातलं एक खाली लिहू का?' त्याला न विचारता चित्रावर पेन चालवायचं नाही. तो म्हणेल ते वाक्य मोठ्या अक्षरात, एकेक शब्द उच्चारत, त्याला तुमचा हात दिसेल असं लिहा. शब्दाशब्दात बोटभर जागा सोडा. लिहून झालं की शब्दांखाली बोट फिरवत दोघं मिळून वाचा, मग त्याला एकट्याला वाचू द्या. 'पण ते तर त्याला पाठच आहे,' असं तुम्ही म्हणाल. असू द्या की. तोंडातला कोणता शब्द म्हणजे कागदावरचा कोणता, ही जोडी लागणं हाच तर पहिला धडा आहे. दुसऱ्या दिवशी आधी कालचं पान वाचायचं, मग नवं चित्र. कोपऱ्यात तारीख टाकत जा. चाळीस-पन्नास पानं झाली की गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाका आणि वर त्याचं नाव घाला. असं पुस्तक त्याच्या वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांची रीत याच्या जवळची होती. आज तुला कोणता शब्द हवा, असं त्या एकेका मुलाला विचारायच्या आणि तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. भीतीचे, मायेचे शब्द मुलं एका नजरेत ओळखायला लागतात आणि वाचनपाठातले गुळगुळीत शब्द मात्र विसरतात, असा त्यांचा अनुभव. तुमच्या मुलाला 'कमळ' आणि 'बदक' यापेक्षा 'आजा' आणि 'बैल' लवकर येतील. बदकाशी त्याचं काय घेणंदेणं आहे?

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ म्हणजे 'आमची भाषा शुद्ध नाही'. 'मी बैलाला भज्जी देलो' हे वाक्य तुम्ही 'मी बैलाला भज्जी दिली' असं दुरुस्त करून लिहाल, अशी मला धास्ती आहे. सुरुवातीला तसं करू नका. तो वाचताना स्वतःचंच वाक्य आठवून 'देलो' म्हणणार, कागदावर असणार 'दिली', आणि नुकती कुठं लागू पाहणारी ती जोडी तिथंच विस्कटणार. शिवाय आपलं बोलणं कागदावर जायच्या लायकीचं नाही, हे न सांगता त्याच्यापर्यंत पोचणार ते वेगळंच. वाचन थोडं सरावलं की त्याच पानावर खाली दुसरी ओळ लिहा. 'आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात.' मुलांना याची गंमत वाटते. शाळेची भाषा यायला हवीच, पेपर त्याच भाषेत लिहायचे आहेत. पण ती घरच्या भाषेच्या शेजारी येऊ दे, तिला हुसकून नको. कोप, कडबा, आंबिलीचं बिंदगं, तिफण हे शब्द त्याच्याकडे आयते आहेत. शहरातल्या मुलांना ते चित्रं दाखवून शिकवावे लागतात.

आता अक्षरं. जुन्या लग्नपत्रिका घरात पडून असतील, त्यांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापा. त्याच्या चित्रांतले शब्द एकेका पट्टीवर लिहा : बैल, कोप, आजा. या तीन शब्दांत ब, ल, क, प, ज ही अक्षरं आली. तेवढ्या अक्षरांवर आणि एका कान्यावर लाल, पाल, काल, बाप, कप, बाक एवढे शब्द जुळतात. 'अ ते ज्ञ' सगळं पाठ झाल्याशिवाय शब्द वाचायचाच नाही, ही जुनी सवय सोडून द्या. पाच-सहा अक्षरं आली की लगेच शब्द, लगेच वाचन. मग पुढच्या चित्रातून पुढची अक्षरं. भज्जीतलं जोडाक्षर आत्ता फोडत बसू नका, अख्खा शब्द तसाच ओळखू दे.

शंभर वेळा गिरवण्याचं म्हणाल तर मला ते अजिबात पटत नाही. दहा-बारा वेळांनंतर हात नुसता चालत राहतो आणि डोळा झोपी जातो. तुमच्या मुलाचा डोळा तर त्याच्या जमेची बाजू आहे. बैलाच्या शिंगांचा बाक ज्याला दिसतो, त्याला 'घ' आणि 'ध' मधला फरक का दिसणार नाही? पाटीवर दोन्ही मोठी काढा आणि म्हणा, 'ह्या दोघांत फरक हुडक.' एकाची शिरोरेघ अखंड, दुसऱ्याची तुटलेली, हे तो स्वतः सांगेल. 'म' आणि 'भ' चंही तसंच. स्वतः शोधलेला फरक गिरवून पाठ केलेल्यापेक्षा जास्त टिकतो.

वाचन जरा हाती आलं की खेळ उलटा करा. तुम्ही दोन-तीन ओळी लिहायच्या, त्यानं वाचून चित्र काढायचं. 'विहिरीच्या मागं बाभूळ आहे. बाभळीखाली दोन शेळ्या. एक शेळी झोपली.' त्यानं दोन्ही शेळ्या उभ्या काढल्या तर तिसरी ओळ एकतर वाचलीच नाही किंवा 'झोपली' पाशी अडली. बाभूळ विहिरीच्या पुढे आली तर 'मागं' निसटलं. प्रश्न न विचारता, लाल पेन न लावता तुम्हाला कळतं की समजून वाचतोय की नुसतं वाजवतोय. दिवसाआड एक अशी चिठ्ठी पुरे. पुढे तो तुमच्यासाठी चिठ्ठी लिहील आणि चित्र तुम्ही काढायचं. तुम्हाला चित्र येत नाही, हे तर फारच बरं! तुमच्या शेळीला बघून तो पोट धरून हसेल आणि पुन्हा लिहील.

मराठवाड्यातल्या मुलांच्या वह्या चाळल्या की एक चित्र हटकून सापडतं : दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली दुथडी भरलेली नदी आणि काठावर नारळ. आपल्याकडे नारळाचं झाड आणि दुथडी नदी कुठून आली, देव जाणे. हे चित्र शिकवलेलं असतं, म्हणून त्यावर मुलाला बोलायला काही नसतं. 'हा डोंगर, हा सूर्य,' संपलं. तो असलं काही काढायला लागला तर रागावू नका, पण विषय पाहिलेला द्या. कालचा बाजार, एसटीत मिळालेली खिडकी, शेळीला करडू झालं तो दिवस. छापील रंगवायच्या पुस्तकांचंही तेच. हात वळायला ठीक, भाषेसाठी फारसं काही नाही.

आजोबा घरात असतील तर त्यांना यात ओढा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तुमचा मुलगा जन्मलाही नव्हता. आजोबांनी ते सांगायचं, त्यानं कागदाचे चार चौकोन करून काढायचं. आटलेली विहीर, घागरींची रांग, पाण्याची रेल्वे, आणि मग पाऊस. आधी, मग, त्यानंतर, शेवटी, हे शब्द इथे नकळत येतात. माणसांच्या तोंडाशी फुगा काढून द्या आणि एकच शब्द लिहायला सांगा. 'पाणी!' 'थांबा!' पूर्ण ओळ लिहायला घाबरणारी मुलंही फुग्यात लिहितात. त्यानं 'पानि' लिहिलं तर तसंच राहू द्या. 'णी' शिकवायला उद्याचा दिवस आहे.

आणि बैलाचे चारही पाय एकाच बाजूला असतील, घराच्या भिंतीतून आतली चूल दिसत असेल, तर ते सुधारायला जाऊ नका. या वयात मुलं डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनाला ठाऊक आहे ते काढतात. भिंतीपलीकडे चूल आहे हे त्याला माहीत आहे, मग ती दिसायलाच हवी!

या सगळ्याला रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यापुढे ओढू नका. सामानही काही लागत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं, शिसपेन्सिल, खडू आणि फरशी. फरशीवरचं पुसायच्या आधी फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

तुमच्यासारखंच विचारणारी पत्रं दुसऱ्या घरांतूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. बीड-परळीकडे दिवाळीच्या आगेमागे आई-वडील ऊसतोडीला जातात आणि मूल आजीपाशी राहतं. आजीला वाचता येत नसलं तरी हे जमतं. चित्राबद्दल बोलून घ्यायला अक्षर यावं लागत नाही, आणि खालची ओळ शेजारची मोठी ताई किंवा शाळेतले गुरुजी लिहून देतील. चित्राचा फोटो फडावर वडिलांच्या फोनवर पाठवा. रात्री कोपीवरून ते उलट निरोप बोलून पाठवतील, तो कुणीतरी त्याच पानावर लिहून घ्यायचा. बापाचं बोलणं कागदावर असलं की मूल ते पान दहादा वाचतं. मूल सोबत फडावर गेलं असेल तर एक वही आणि पेन्सिल बोचक्यात जाऊ द्या.

तांड्यावरची गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी किंवा घरात दखनी-उर्दू बोलणारी मुलं असतील, तर चित्राखाली आधी घरच्या भाषेतला शब्द देवनागरीत आणि त्याच्याशेजारी मराठी शब्द लिहावा. दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना मी एवढंच सुचवेन की तिसरी-चौथीच्या मुलांना पहिलीच्या मुलांचे लेखनिक करा. लहानानं सांगायचं, मोठ्यानं लिहायचं. शिक्षण दोघांचंही होतं आणि दोन वर्ग सांभाळताना तुम्हाला जरा उसंत मिळते.

आता घरातलं राजकारण. मुलाच्या वडिलांशी 'चित्रकला किती महत्त्वाची' यावर वाद घालू नका, तुम्ही हराल. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात मार्कांपुढे कुणाचं काही चालत नाही. पोराला चित्रकार करायचा विषयच नाही, हे त्यांना आधीच सांगून टाका. वाचनासाठी दोन महिने ही रीत करून बघते, रंगपेटी तेवढी राहू द्या, असं म्हणा. आणि रविवारी ते आले की मुलाला म्हणा, 'बाबांना तुझी वही वाचून दाखव.' मग आडत दुकानातला काटा, हमाल, पोत्यांची थप्पी यांचं चित्र काढायला लावा. सोयाबीनचा भाव, पोत्यांची संख्या, सगळं बाबांनी सांगायचं आणि त्यानं लिहायचं. स्वतःचं दुकान वहीत आलं की वडीलही बसतील, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, हमी नाही.

शिकवणीच्या बाईंना मोडीत काढू नका. त्यांना विचारा की शंभरऐवजी दहाच वेळा गिरवून बाकीच्या वेळात त्याच्या पट्ट्यांमधले शब्द वाचून घ्याल का. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं, मुलगा रोज रडतच जात असला, तर मी ती शिकवणी बंद करेन आणि ते पैसे गोष्टींच्या पुस्तकांना घालेन.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. चित्र काढताना कागद नाकाशी धरतो का, फळ्यावरचं उतरवताना चुकतो का, मागून हाक मारली तर वळतो का, ते बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा, नाहीतर सरळ सरकारी दवाखाना गाठा. अक्षरं उलटी काढणं सात-आठ वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांत दिसतं, तेवढ्यानं घाबरू नका. पण काही महिने नीट शिकवूनही ओळखीचं अक्षर रोज नवं वाटत असेल, जोडून वाचणं जमतच नसेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे दाखवा. वाचनाची विशिष्ट अडचण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही धरलेली आहे, त्या मुलांना सवलती आणि वेगळी मदत मिळते. ती अडचण असली तरी आळशीपणाचा शिक्का मारून घ्यायचं काही कारण नाही.

राहिला सेमी-इंग्रजीचा प्रश्न. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही तिसरी संपेपर्यंत मूल समजून वाचायला लागावं, असंच उद्दिष्ट धरलंय. म्हणजे तुमच्या हातात अजून सबंध एक वर्ष आहे. सेमीत गणित इंग्रजीतून येईल. जो मुलगा अजून 'कि' आणि 'की' पाशी थांबतो, त्याच्यापुढे त्याच वेळी दुसरी लिपी, नवी शाळा आणि लातूरचं बिऱ्हाड असं सगळं एकदम वाढू नका. येत्या जूनमध्ये आहे तिथंच राहू द्या. तिसरीच्या दिवाळीला त्याच्यासमोर न पाहिलेलं मराठी पान ठेवा आणि चित्र झाकून वाचायला सांगा. ते वाचून त्यानं काय झालं ते सांगितलं, तर शाळा बदलायचा विचार तेव्हा करा.